साचा कापण्याआधी

काल दुपारी कूलरवाला येऊन गेला. आता बहुतेक घरांत पुठ्ठ्याच्या जाळीचे पॅड असतात, पण मी हट्टाने वाळ्याचे टट्टेच बसवून घेते. तो माणूस दरवर्षी मला समजावतो की आंटीजी, खस जल्दी बैठ जाती है. मी दरवर्षी मान हलवते आणि टट्टेच लावायला सांगते. त्याने पाणी सोडलं, पंखा सुरू केला आणि खोलीभर ओल्या मुळांचा मातकट वास पसरला. बाहेर सोनागिरीच्या आमच्या गल्लीत कडुलिंबाचा फुलोरा गळत होता. समोरच्यांकडे करोंदच्या मंडीतून वर्षाचा गहू आला होता, आणि अंगणात चादर अंथरून सासू-सून तो निवडत बसल्या होत्या. मी खिडकीत उभी राहून उगाचच बराच वेळ त्यांचे हात बघत राहिले.

भोपाळमधले हे दिवस कुठल्याच ऋतूत धड बसत नाहीत. होळी होऊन गेलेली असते, लू अजून सुटलेली नसते. पहाटे पातळ पांघरूण लागतं आणि दुपारी तारेवरचे कपडे तासाभरात खडखडीत वाळतात. आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो तेव्हा या दिवसांना माझ्यापुरतं एक नाव होतं, मार्चनंतरचे दिवस. मी कारखान्याच्या वित्त विभागात होते, कॉस्टिंगमध्ये. मार्च संपेपर्यंत मान वर करायला फुरसत नसायची आणि एप्रिल लागला की टेबल एकदम रिकामं. त्या रिकाम्या टेबलाशी बसून मला नाही नाही ते प्रश्न पडायचे. एरवी ते प्रश्न मी घरी नेत असे आणि नवऱ्याचं डोकं खात असे. तो राज्य सरकारच्या कचेरीत होता. नागपूरहून कचेरी हलली तेव्हा तिच्याबरोबरच इकडे आलेला, शांत माणूस. तो म्हणायचा, तुला पगार आकडे लावायचा मिळतो, कोडी घालायचा नाही.

एका वर्षी मात्र कोडं माझ्या कचेरीतूनच मिळालं.

आमचे साहेब होते चतुर्वेदी. त्यांनी मला बोलावून सांगितलं की वरून विचारणा झाली आहे. तांत्रिक इमारतीच्या टोकाला सिम्युलेशन सेल नावाची एक खोली आहे. तिथे तीन माणसं आहेत, कॉम्प्युटर आहेत, एअर कंडिशनर आहे, आणि दरवर्षी त्या सगळ्यावर खर्च होतो. त्यातून कारखान्याला नेमकं काय मिळतं? काही मिळत नसेल तर खोली बंद करून माणसं ड्रॉइंग ऑफिसात पाठवायची. "पाठक मॅडम, आप देख लीजिए," ते म्हणाले. "मुझे तो समझ में नहीं आता कि ये लोग दिनभर करते क्या हैं।"

मलाही समजत नव्हतं. कारखान्यात त्या खोलीला सगळे 'सनीमा' म्हणायचे. आत अंधार असायचा, गारवा असायचा आणि पडद्यावर रंगीत चित्रं. उन्हातून येणारा शिपाई टपाल द्यायला आत गेला की लवकर बाहेर पडत नसे.

खोलीचे प्रमुख होते निमगावकर. त्यांना मी ओळखत होते, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत भेट व्हायची. तेही मूळचे नागपूरचे, माझ्या नवऱ्याशी गप्पा रंगायच्या, त्यामुळे मी त्यांची वहिनी. उंच, भरभर बोलणारे, स्वतःच्या विषयावर आले की समोरच्याला घड्याळ बघू न देणारे. मी कशासाठी आले आहे हे त्यांना सांगितलं. ते जराही बिचकले नाहीत. उलट खुर्ची ओढून त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं.

पडद्यावर एका मोठ्या मोटरचा दांडा होता. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची जाळी. निमगावकर म्हणाले की अख्ख्या दांड्याचं गणित एकदम सोडवता येत नाही, म्हणून त्याचे असे हजारो लहान तुकडे करायचे. प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो, किती ढकलतो, किती तापवतो ते मांडायचं आणि मग सगळ्यांचं मिळून उत्तर काढायचं. त्यांनी एक बटण दाबलं. जाळी रंगली. बहुतेक दांडा निळा, खांद्यापाशी हिरवा, आणि एका वळणावर छोटासा लाल ठिपका. तुटला तर इथून तुटेल, ते म्हणाले. आणि ते चित्र त्यांनी असं कौतुकाने पाहिलं की मीही पाहत राहिले. खरोखरच सुंदर होतं ते. न तुटलेल्या लोखंडाची दुखरी जागा आधीच दिसावी, यात काहीतरी जादू होती.

मी विचारलं की हे पाहून मग काय बदललं?

ते म्हणाले, रिपोर्ट दिला.

आणि मग?

मग मोटर गेली. म्हणजे मोटर आधीच बनली होती. गिऱ्हाइकाला हिशोबाचा कागद हवा होता, तो आम्ही दिला.

दुसरं काम दाखवलं, तिसरं दाखवलं. प्रत्येक वेळी मी तोच प्रश्न विचारत गेले आणि थोड्याफार फरकाने तेच उत्तर येत गेलं. वस्तू मोडली, की का मोडली ते या खोलीला विचारायचे. वस्तू बनली, की ती ठीक आहे असं या खोलीकडून लिहून घ्यायचे. मोडल्यावर आणि बनल्यावर. निमगावकरांना मात्र त्याची खंत नव्हती. उत्तर मिळण्याचा आनंद त्यांना इतका पुरत होता की ते उत्तर पुढे कुणी वापरलं का, हे विचारायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

मी परत आले तेव्हा टेबलाशी बसून बराच वेळ नुसती पेन फिरवत होते. खोलीचा खर्च लिहिणं सोपं होतं. समोरच्या रकान्यात काय लिहायचं तेच कळत नव्हतं.

त्याच दिवसांत आमच्या कारखान्यात एक वेगळंच काम आलं होतं. आम्ही विजेची मोठी यंत्रं बनवणारे लोक. पण जुनी कामं कमी होत चालली होती आणि नवी शोधावी लागत होती. दक्षिणेतल्या एका विमान कारखान्याने आम्हाला साचे करायला दिले होते. विमानाचा पंख जिथे धडाला जोडतात तिथे वरून एक वळणदार आवरण बसतं. काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून, थरावर थर देऊन, पोलादी साच्यावर बसवायचं आणि भट्टीत भाजायचं, की ते आवरण तयार होतं. आमच्याकडे इतका मोठा साचा कापणारी यंत्रं होती, आणि मोटरच्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांवरची राळ भाजायला मोठी भट्टीही होती. म्हणून ते काम आमच्याकडे. साचा आणि त्यावर काढलेली नमुन्याची आवरणं, दोन्ही पसंत पडली तर पुढचे सगळे साचे आम्हालाच मिळणार होते. कारखान्यात त्याची चर्चा होती. विमानाचं काम म्हटलं की माणसं जरा ताठ चालू लागतात.

या चाचणीचे खर्च माझ्याकडे येत होते, म्हणून मी एकदा टूल रूममध्ये गेले. तिथले प्रमुख रिझवी साहेब. जुन्या भोपाळचे, शहरातून स्कूटरवर येणारे, पांढरा शर्ट कधी मळलेला न दिसणारे. मी गेले तेव्हा भट्टी नुकतीच उघडली होती. दारातून गरम हवेचा लोट आला आणि त्याबरोबर करपलेल्या साखरेसारखा वास. हातमोजे घातलेल्या दोघातिघांनी आवरण साच्यावरून सोडवलं आणि लाकडी चौकटीत ठेवलं. विमानावर ते जसं बसेल तशीच ती चौकट होती. आवरण बसलं नाही. त्याची दुमडलेली कडा आत वळली होती. फार नाही, बोटाच्या नखाएवढीच, पण विमानाला तेवढंही चालत नाही.

रिझवी साहेबांनी कडेवरून अंगठा फिरवला. "लोहा तो मान जाता है," ते म्हणाले, "ये कपड़ा नहीं मानता।"

आता काय करणार, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं की साच्याची कड थोडी घासू, पुन्हा एक आवरण भाजू, पुन्हा मोजू. नाही जमलं तर साच्यावर वेल्डिंग करून लोखंड चढवू आणि परत घासू. नव्या साच्याचं असंच असतं, चार-सहा वेळा करावंच लागतं. हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते, पद्धत म्हणून सांगत होते. मी बघितलं तर भिंतीशी मोटरची वेटोळी ओळीने भट्टीची वाट पाहत पडून होती. आवरण भाजायचं म्हणजे वेटोळी थांबवायची.

त्या रविवारी आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर शेजारणींबरोबर मी उडदाचे पापड वाळत घालत होते. ऊन चढलं तसे काही पापड सपाट राहिले आणि काहींच्या कडा वर उचलल्या. मी एकेक उलटून पाहू लागले. जाड लाटलेला वेगळा वळत होता, पातळ वेगळा. भिंतीच्या सावलीत अर्धा असलेला एक तर तिरकाच फिरला होता. शेजारणीने विचारलं की काय शोधता आहात. मी म्हटलं काही नाही, आणि सोमवारी सकाळी आधी निमगावकरांकडे गेले.

मी त्यांना पापडांबद्दल विचारलं आणि आवरणाबद्दल सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, अगदी तसंच नाही, पण फार दूरही नाही. कापडाचे धागे लांबीत आकसत नाहीत. थरांमधली राळ मात्र थंड होताना जाडीत आकसते. सपाट भागात ते कळत नाही. जिथे वळण आहे तिथे कोन आत मिटतो. मग त्यांनी खडू घेतला, फळा भरला आणि मध्येच थांबून विचारलं, "पण वहिनी, हे आवरण कुठलं? कुणाचं काम आहे हे?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. ज्या कामाची कँटीनमध्ये रोज चर्चा होती, त्या कामात आपल्या विद्येचा काही संबंध येतो, हे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. टूल रूम त्यांच्या खोलीपासून दोन इमारतींपलीकडे होती. त्या दोन इमारतींइतक्या अंतरात कारखान्याचं किती काय सांडत असेल, याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला.

मी दोघांची भेट घडवली. ती भेट फारशी बरी झाली नाही. निमगावकर भरभर बोलत राहिले, रिझवी साहेब अदबीने ऐकत राहिले. शेवटी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, उनके पास तस्वीरें हैं। मेरे पास तारीख है।"

तरी त्यांनी साच्याची ड्रॉइंग्ज दिली. निमगावकरांनी जाळी बांधली, पुस्तकातून राळेचे गुण घेतले, कॉम्प्युटर दिवसभर गुरगुरत राहिला आणि उत्तर आलं. कडा किती आत वळेल ते त्यांनी मोठ्या झोकात लिहून पाठवलं. ते उत्तर चुकलं. तयार आवरणात जेवढं वळण दिसत होतं त्याच्या जेमतेम निम्मं गणितात आलं होतं, आणि मागच्या कोपऱ्यात तर उलट दिशेला.  रिझवी साहेबांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं निमगावकरांनी मला पुढे सांगितलं.

मला वाटलं आता हे संपलं. मी अहवालाचा मसुदा मनात करू लागले आणि तो खोलीच्या बाजूचा नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी टूल रूममध्ये गेले तर निमगावकर भट्टीपाशी उभे. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. इतक्या वर्षांत ते इथे क्वचितच आले होते. त्यांचं म्हणणं होतं की गणितात त्यांनी भट्टी सगळीकडे सारखी तापते असं धरलं, ते चुकलं असणार. साच्याला ठिकठिकाणी तापमान मोजायच्या तारा लावून एक खेप भाजू द्या. रिझवी साहेब म्हणाले, भट्टी मी ओळखतो, मागची बाजू जास्त तापते, हीटर तिकडे आहे. निमगावकर म्हणाले, तापत असेल, पण मोजू या. रिझवी साहेब म्हणाले की तारा लावायला भट्टी रिकामी ठेवावी लागेल आणि वेटोळी अडून राहतील, त्याला परवानगी कोण देणार?

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. आवरणाच्या चाचण्यांचा खर्च आम्ही लावत होतो तो लोखंडाचा, कापडाचा, राळेचा, माणसांच्या तासांचा. चाचणी चालू असताना जी वेटोळी भिंतीशी पडून राहत होती त्यांचं काय? त्यामुळे मोटर उशिरा जात होती, गिऱ्हाईक चिडत होतं, पण हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या खाती जात होतं. घासून पाहू, भाजून पाहू, ही पद्धत आम्हाला स्वस्त वाटत होती, कारण तिची खरी किंमत मोजायला आम्ही कधी बसलोच नव्हतो. मी चतुर्वेदी साहेबांकडे गेले आणि हे मांडलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग विचारलं की तारांची खेप फुकट गेली तर? मी म्हटलं, तर एक खेप जाईल. एरवी चार-सहा जाणारच आहेत. त्यांनी परवानगी दिली.

तारांनी जे सांगितलं त्याने दोघेही चकित झाले. भट्टीची मागची हवा खरोखर जास्त तापत होती, रिझवी साहेबांचं बरोबर होतं. पण साच्याच्या मागच्या बाजूला आधाराच्या जाड पट्ट्या होत्या. त्या उष्णता पिऊन बसत होत्या. हवा गरम आणि साचा थंड. दाराजवळचं कापड भाजून घट्ट झालं तरी मागच्या कोपऱ्यातलं अजून ओलसरच. तो कोपरा उलटा का वळतो, याचं कारण तिथे होतं. हे एकट्या रिझवी साहेबांना माहीत नव्हतं आणि एकट्या निमगावकरांनाही कधी कळलं नसतं. ते दोघे तारांच्या आकड्यांवर वाकून उभे होते आणि आपापल्या भाषेत एकाच वेळी बोलत होते. मला त्यातलं अर्धंही समजलं नाही. पण दोघांना एकच प्रश्न पडल्यावर हवा बदलते ती मला कळली.

निमगावकरांनी गणित पुन्हा मांडलं. आता त्यातून दोन गोष्टी निघाल्या. मागच्या पट्ट्या बारीक करा, आणि कडेचा कोन आधीच थोडा उघडा ठेवा, म्हणजे थंड होताना मिटून तो हवा तिथे येईल. यात जोखीम होती. घासण्यात लोखंड थोडं थोडं जातं. इथे पट्ट्यांतून एकदम बरंच कापायचं होतं. चुकलं तर साचा गेला, आणि साचा गेला म्हणजे पुढची कामंही गेली. सही रिझवी साहेबांनी करायची होती.

त्यांनी निमगावकरांना विचारलं, "आपको यकीन है?"

  निमगावकर नेहमीसारखं भरभर नाही, सावकाश म्हणाले, "यकीन नहीं है। कितना गलत हो सकता है, ये बता सकता हूँ।" आणि त्यांनी ते सांगितलं. कोन एवढ्यापासून एवढ्यापर्यंत येईल, यापलीकडे जाणार नाही. या मर्यादेत आला तर जरा घासून भागेल.

रिझवी साहेबांनी कागद ओढला. "ये पहली बार किसी ने बताया," ते म्हणाले आणि सही केली.

साचा कापला, आवरण भाजलं. भट्टी निवायची वाट पाहताना दुपार झाली. बाहेर अंगणात गरम वारा सुटला होता आणि निलगिरीची पानं पत्र्यावर घासत होती. आवरण चौकटीत ठेवलं. एका टोकाला बारीकशी फट राहिली. रिझवी साहेबांनी तिच्यात पातळ पट्टी सरकवून पाहिली, मग जरा जाड, मग आणखी जाड, ती अडली. चालण्यासारखी होती. एकदा हलकंसं घासलं आणि पुढचं आवरण चौकटीत असं बसलं की कड कुठे संपते ते बोटाला लागेना. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. कुणीतरी वेटोळ्यांची ट्रॉली भट्टीकडे ढकलायला घेतली, कारण भट्टी आता मोकळी झाली होती. माझ्या दृष्टीने तोच त्या दिवसाचा मोठा आवाज होता.

मग मी अहवाल लिहिला. फार विचार करून लिहिला. एकच उत्तर साचा कापल्यावर आलं तर ते फायलीत जातं आणि कापण्याआधी आलं तर साचा वाचवतं, असं मी लिहिलं. म्हणून हे काम बंद करू नये, पण वेगळ्या खोलीतही ठेवू नये. ही माणसं जिथे पहिली रेघ ओढली जाते तिथे बसवावीत. मोजमाप पाठवणाऱ्यांना गणित कळावं आणि गणित करणाऱ्यांना भट्टीची झळ लागावी.

वरच्यांनी तो अहवाल मानला. माझे अहवाल सहसा इतक्या लवकर मानले जात नसत. खोलीला कुलूप लागलं. एअर कंडिशनर दुसऱ्याच कुठल्या साहेबांच्या खोलीत गेला. निमगावकरांच्या हाताखालचे दोघे डिझाइनमध्ये बसू लागले आणि स्वतः निमगावकरांना टूल रूमच्या कोपऱ्यात काचेची एक केबिन मिळाली. तिथे दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज आणि पंखा गरम हवा फिरवणारा.

ते माझ्याशी बोलेनासे झाले. बोलत, पण मॅडम म्हणून. मंडळाच्या कार्यक्रमात नवऱ्याशी तासभर गप्पा मारून माझ्याकडे नुसतं मान लववून जात. एकदा मीच त्यांना गाठलं आणि म्हटलं की ती खोली तर जाणारच होती, तुमचं काम मी वाचवलं. ते लगेच म्हणाले, हो, ते मला कळतं. मग म्हणाले, "काम तुम्ही वाचवलंत. पण खोली माझी होती."  खोली त्यांनीच उभी केली होती, पहिला कॉम्प्युटर त्यांनी स्वतः स्टेशनवरून उतरवून आणला होता. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला अजूनही सांगता येणार नाही.

माझी पुतणी सई आता बंगळुरूला अशाच कामात आहे. विमानाच्या भागांची गणितं करते. तिचा कॉम्प्युटर तिच्या मांडीवर मावतो आणि त्या काळी दिवसभर चालणारं गणित तिचा चहा होईपर्यंत होतं. मागच्या महिन्यात फोनवर ती सांगत होती की आत्या, आमची चित्रं इतकी सुंदर असतात की मीटिंगमध्ये सगळे वा म्हणतात. मी विचारलं, तुला विचारायला कोण येतं आणि कधी येतं?  ती म्हणाली, बहुतेक वेळा सगळं ठरल्यावरच येतात. मग तिनेच मला उलट विचारलं की हे तुला कसं सुचलं. मी म्हटलं, सांगेन कधीतरी. तिला वाटतं मी निवृत्त झाल्यापासून रिकामी आहे म्हणून चौकशा करते. तसं असेलही. पण यंत्रं एवढी वेगवान झाली आणि माणसं एकमेकांना प्रश्न विचारायला तेवढाच उशीर का लावतात, याचं मला खरंच कुतूहल वाटतं.

त्या वर्षीचा पाऊस गेला, थंडी गेली. मार्च आला आणि त्याने नेहमीसारखी मान मोडली. एप्रिलच्या सुरुवातीला मी कुठल्याशा खुलाशासाठी टूल रूममध्ये गेले. विमानाच्या साच्यांची पुढची कामं आली होती, एवढं मला कागदांवरून ठाऊक होतं. काचेच्या केबिनचं दार उघडं होतं. निमगावकर बसले होते, बाह्या वर केलेल्या. आणि त्यांच्या टेबलावर कोपर टेकून, शर्टाची पर्वा न करता, रिझवी साहेब वाकले होते. मध्ये एक ड्रॉइंग पसरलेलं. शाईचं नव्हतं, पेन्सिलचं होतं. बऱ्याच ठिकाणी खोडलेलं.

मी दारात थबकले. रिझवी साहेब मला पाहून सरळ झाले. मी काही विचारण्याआधी तेच जरा ओशाळून म्हणाले, "अभी कुछ कटा नहीं है, मॅडम। इसीलिए आया हूँ।"

मी परत फिरणार होते. माझं काम नंतरही झालं असतं. पण निमगावकरांनी ड्रॉइंगवरची मान वर न करता पायानेच कोपऱ्यातलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. आधाराच्या पट्ट्या दोन प्रकारे करता येतील, ते म्हणाले, जास्त पण बारीक, किंवा थोड्या पण मध्ये पोकळ. गणितात दोन्ही चालतात. यातलं कुठलं स्वस्त पडेल ते तुम्ही सांगाल का?

मी सवयीने म्हटलं, "साचा होऊ द्या, मग खर्च लावून सांगते."

बोलून झाल्यावर मी स्वतःचंच वाक्य ऐकलं.  त्या दोघांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला हसू म्हणता आलं नसतं, पण ते हसूच होतं. यंत्रांच्या आवाजात मी स्टूलवर बसले. पर्समध्ये माझं पेन होतं. ते मी काढलं नाही. रिझवी साहेबांनी पुढे केलेली पेन्सिल घेतली आणि विचारलं, पोकळ म्हणजे नेमकं कसं, ते मला आधी दाखवा.